जास्तीचे छत्तीस

१

अहवाल दोन पानांचा होता आणि माणूस पहिल्याच ओळीत निकालात काढला होता. 'माल बांधणाऱ्या कामगाराने क्षमतेपेक्षा जास्त वजन लावल्यामुळे क्रेनचा हूक तुटला.' खाली गोदीच्या मॅनेजरची सही, शिक्का, तारीख.

बाईंनी ती ओळ तीनदा वाचली. बाई म्हणजे शाळेतल्या गणिताच्या बाई. सव्वीस वर्षं शिकवत होत्या, आणि घरीदारी सगळे त्यांना बाईच म्हणत. फक्त धाकटा भाऊ ताई म्हणायचा, तो गेला. आई लवकर गेल्यामुळे नऊ वर्षांनी लहान असलेल्या त्या भावाला बाईंनीच अंगाखांद्यावर वाढवलं होतं. जहाजं दुरुस्त करणाऱ्या गोदीत तो सतरा वर्षं क्रेनखाली माल बांधत होता. त्या सकाळी सहा टनांचं इंजिनाचं झाकण उचलत होते. हूक दहा टनांचा होता. तो तुटला. भाऊ जागीच गेला आणि त्याच्या जोडीदाराचा पाय मांडीपासून कापावा लागला. अहवाल म्हणत होता की भावाने घाईपोटी दोन झाकणं एकत्र बांधली. जोडीदाराला त्या दिवसाचं काहीच आठवत नव्हतं. त्याची आई मात्र भावाच्या दारात येऊन, साऱ्या गल्लीला ऐकू जाईल असे तळतळाट देऊन गेली होती.

भावजयीने अहवाल बाईंसमोर ठेवला आणि बराच वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली. मग म्हणाली, "बाई, खरंच त्यांनी असं केलं असेल का हो?"

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली ती या प्रश्नाने. मेलेल्या माणसावर खापर फोडणं सोपं असतं, हे त्यांना ठाऊक होतं. पण अकरा वर्षं संसार केलेली बायको आपल्या नवऱ्याबद्दल शंका घेऊ लागली, इतकं काम त्या एका ओळीने केलं होतं. बाई कधी ओरडत नसत. राग आला की त्यांचा आवाज खाली जाई, आणि वर्गात तेव्हा टाचणी पडली तरी ऐकू येई.

"नाही," त्या हळू म्हणाल्या. "आणि कोणी केलं ते मी शोधून काढणार आहे."

अहवालाच्या मागे त्या शेडमधल्या पाच हुकांची यादी होती. प्रत्येकाचा बारा आकडी नंबर, इंग्रजी आकड्यांत. तुटलेल्याचा होता 172804493601. शेजारी शेरा होता: 'पहिले दोन आकडे बनावटीच्या वर्षाचे. सन सतराचा हूक, दहा वर्षांची मुदत, अजून संपलेली नाही.'

कुठलाही लांब नंबर दिसला की त्यातल्या आकड्यांची बेरीज करायची, ही बाईंची जुनी खोड. विजेचं मीटर असो की औषधाची बाटली. इथे बेरीज पंचेचाळीस आली. म्हणजे संख्या नवाने जाते, निःशेष भाग जातो. दुसरा हूक घेतला, तोही नवाने जात होता. तिसराही. पाचच्या पाच.

लोखंडाच्या हुकांना नवाचं एवढं प्रेम कशाला? बाईंनी शाळेत दोन दिवसांची रजा टाकली आणि गोदीची वाट धरली.

२

मॅनेजरने त्यांना खुर्ची दिली, पाणी मागवलं, आणि दुःख किती मोठं आहे ते सांगायला पाच मिनिटं घेतली. गुबगुबीत, नीटनेटका माणूस. टेबलावर एक कागद वाकडा नव्हता. भाऊ चांगला होता, पण घाई करायचा, असं तो म्हणाला. बाईंनी विचारलं, हूकच सदोष असला तर?

मॅनेजर समजूतदारपणे हसला. "बाई, मी आज या खुर्चीत असलो तरी वर आलोय तो स्टोअरमधून. पंचवीस वर्षांपूर्वी हेच हूक मोजत होतो. हूक खोटा असता तर नंबरानेच चुगली केली असती. तुम्ही तर गणिताच्या. बेरीज करून बघा, नवाने जातो. खरा हूक नवाने जातोच. तसं बनवणारेच बघतात."

बाईंनी विचारलं नसताना त्याने हे सांगितलं होतं. त्यांनी ते मनात टिपून ठेवलं, पण तेव्हा राग दुसरीकडेच वळला. कारण जाता जाता मॅनेजर असंही म्हणाला की नंबरांचा सगळा कारभार स्टोअरकीपरच्या हातात असतो, आणि म्हाताऱ्याचं आता कशातच लक्ष नसतं, वर अपघाताच्या आधी महिनाभर तो रजेवर जाऊन बसला होता.

तपासनीस साहेब खाली अंगणात भेटले. दरवर्षी हुकांना वजन लावून तपासायचं आणि दाखला द्यायचा, हे त्यांचं काम. तुटलेल्या हुकाला दोन महिन्यांपूर्वीच त्यांचा दाखला मिळाला होता. बाईंनी नंबराचं विचारलं तर त्यांनी खांदे उडवले. मॅनेजर यादी पाठवतो, ते त्यातले चार-दोन हूक बघतात, बाकीच्यांवर सही करतात. पहिले दोन आकडे वर्षाचे, एवढंच त्यांना माहीत होतं. बाकीचे दहा कशासाठी असतात, हे त्यांनी कधी कुणाला विचारलं नव्हतं.

"म्हणजे माझ्या भावाच्या डोक्यावरचा हूक तुम्ही बघितलाच नाही," बाई म्हणाल्या.

साहेबांनी इकडेतिकडे बघितलं. सगळीकडे असंच चालतं, असं काहीसं ते पुटपुटले.

बाईंच्या मनात आलं, याच्या थोबाडीत द्यावी. पण थोबाडीत दिल्याने अहवालातली ओळ बदलणार नव्हती. तुटलेला हूक बघायचा म्हटलं तर तो कुलपात होता, चौकशीच्या दिवसापर्यंत कुणालाही दाखवायचा नव्हता. त्यांच्या हातात होते फक्त पाच नंबर.

३

दुसऱ्या दिवशी भर दुपारी, भावजयीच्या स्वयंपाकघरात, ताटं बाजूला सारून बाई कागद घेऊन बसल्या.

नऊ त्यांना पुरेसा वाटत नव्हता. नवाची कसोटी भोळी असते. दोन आकड्यांची अदलाबदल झाली तरी बेरीज तीच राहते, तिला पत्ताच लागत नाही. ज्यावर माणसाचा जीव टांगायचा त्या वस्तूला एवढ्यावर कोण सोडेल? त्यांनी अकराने भागून बघितलं. यादीतला एक हूक होता 194530620735. गेला. दुसरा गेला, तिसरा गेला, चौथाही गेला. भावाचा हूक अकराने गेला नाही.

नवाने आणि अकरानेही जाते ती संख्या नव्व्याण्णवने जाते. आणि नव्व्याण्णवची परीक्षा तर पोरखेळ आहे. शंभराला नव्व्याण्णवने भागलं की बाकी एक उरते, म्हणून संख्येच्या दोन-दोन आकड्यांच्या जोड्या करायच्या आणि नुसती बेरीज करायची. एकोणीस, पंचेचाळीस, तीस, बासष्ट, सात, पस्तीस. बेरीज एकशे अठ्ठ्याण्णव, म्हणजे बरोबर दोनदा नव्व्याण्णव. उरलेल्या तिघांचंही तसंच. चार नंबर नुसत्या योगायोगाने असे येण्याची शक्यता जवळजवळ दहा कोटींत एक. म्हणजे बनवणाऱ्याचा नियमच होता तो.

मग भावाचा हूक. सतरा, अठ्ठावीस, चार, एकोणपन्नास, छत्तीस, एक. बेरीज एकशे पस्तीस.

नव्व्याण्णव हवेत आणि आले एकशे पस्तीस. छत्तीस जास्त. नंबराशी आपला छत्तीसचा आकडा जमला म्हणायचं, असं एरवी त्या हसून म्हणाल्या असत्या. आज हसू आलं नाही.

टाइप करणाऱ्याची चूक असेल का? एकच आकडा चुकला असता तर नवाचा मेळ बसलाच नसता. शेजारचे दोन आकडे उलटसुलट झाले असतील म्हणून त्यांनी एकेक जागा बदलून बघितली. छत्तीस कुठूनही निघेना.

भावजय भांडी घासता घासता थांबून बघत होती. बाईंनी तिला विचारलं, लोखंडावर ठोकलेला आकडा बदलता येतो का, भाऊ कधी काही बोलला होता का? ती विचार करून म्हणाली, खोडता येत नाही, घासलं तर चकाकतं आणि लगेच दिसतं. छिन्नीने रेघ वाढवता येते तेवढी.

रेघ वाढवता येते. बाईंनी तो नंबर पुन्हा मोठ्या अक्षरात लिहिला. लबाडी कशाची करायची असेल? वयाची. सतरातल्या 7 वर त्यांनी बोट ठेवलं. उभ्या 1 ला वरून एक आडवी रेघ दिली की 7 होतो. अकरा सालच्या हुकाचा सतरा सालचा होतो, आणि मुदत संपलेला हूक पुन्हा तरुण होतो. त्याने बेरजेत सहा वाढतात. छत्तीसमधून सहा गेले, उरले तीस.

तीस म्हणजे दशकाच्या घरातला एखादा आकडा तीनने वाढलाय. जोड्यांमधले दशकाचे आकडे होते 1, 2, 0, 4, 3, 0. तीनने लहान आकड्याला रेघा जोडून तयार होईल असा त्यात एकच होता. एकोणपन्नासातला 4. तोही आधी 1 होता. एकोणपन्नास नव्हते, एकोणीस होते.

सहा आणि तीन मिळून नऊ. कुणीतरी वर्ष बदललं, नवाचा मेळ बिघडला, म्हणून दुसरा एक आकडा तीनने वाढवून त्याने मेळ पुन्हा बसवला होता. शांत डोक्याने, बेरीज करून.

बाईंनी कागदावर खरा नंबर लिहिला: 112804193601. जोड्यांची बेरीज नव्व्याण्णव.

भावजयीने विचारलं, काय झालं. बाईंच्या हातातली पेन्सिल मोडली होती आणि त्यांना कळलंही नव्हतं.

४

स्टोअरकीपरला भेटायला जाताना बाईंची खात्रीच झाली होती. नवाचा नियम माहीत असलेला माणूस हवा होता, आणि नंबरांचा सगळा कारभार ज्याचा तो त्यांच्या समोर खिडकीआड बसला होता. साठीचा, वाळकुडा, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली.

त्यांनी फार पाल्हाळ लावलं नाही. आपण कोण ते सांगितलं आणि तुटलेल्या हुकाचा नंबर त्याच्यापुढे सरकवला. हा हूक तुम्ही दिलात का?

म्हाताऱ्याने बोटाने कागदावर रेघा ओढल्यासारखं केलं. दोन आकडे, मग दोन आकडे, मग दोन. ओठ हलत होते. शेवटी त्याने मान वर केली तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता.

"बाई, हा नंबर होऊच शकत नाही. एकशे पस्तीस येतात."

हा जोड्यांनी मोजत होता.

मग त्याने सांगितलं ते असं. पूर्वी नुसता नऊच होता. पुढे आकडे उलटसुलट लिहिले जाऊन घोटाळे व्हायला लागले, तेव्हा बनवणाऱ्यांनी जोड्यांचा नियम केला. पत्र आलं ते फक्त स्टोअरला. वरच्या मजल्यावर कुणाला सांगायची वेळ आली नाही आणि कुणी विचारलंही नाही. मुलीच्या बाळंतपणासाठी तो रजेवर गेला होता. परत आला तर क्रेनवर नवा हूक चढलेला. तो स्टोअरमधून गेलाच नव्हता, त्यामुळे त्याला तो दाखवायचं कुणाला कारण नव्हतं.

"आणि तुम्हीही वर जाऊन बघितला नाहीत," बाई म्हणाल्या.

"नाही बघितला." त्याने नजर खाली घातली. "दोन वर्षं राहिलीत नोकरीची. विचारायला गेलो असतो तर..."

वाक्य पुरं झालं नाही. बाईंना त्याचाही संताप आला, आणि त्याच्या दोऱ्याने बांधलेल्या चष्म्याकडे बघून तो पुरता येईना, याचा आणखी संताप आला. त्यांनी दुसरा कागद काढला. हा नंबर तुमच्याकडे कुठे आहे का बघा.

भंगारात काढलेल्या हुकांची वही जाडजूड होती. म्हाताऱ्याने तीन वर्षांपूर्वीची पानं उलटली. बोट एका ओळीवर थांबलं. 112804193601. गळ्याशी बारीक तडा. मुदत संपलेली. शेवटच्या रकान्यात लिहिलं होतं, 'समक्ष तोडून टाकला', आणि पुढे सही.

ती सही बाईंनी आधी एकदा बघितली होती. अहवालाच्या खाली.

५

चौकशी अधिकारी सर्दीने बेजार झालेले होते आणि त्यांना लवकर उरकायचं होतं. मॅनेजरच्याच खोलीत सगळे बसले: मॅनेजर, तपासनीस, स्टोअरकीपर, भावजय आणि बाई. तुटलेला हूक फडक्यात गुंडाळून टेबलावर ठेवला होता.

बाईंनी मॅनेजरला एकच प्रश्न विचारला. हूक खरा आहे हे तुम्ही कशावरून म्हणता? त्याने अधिकाऱ्यांकडे वळून तेच सांगितलं. आकड्यांची बेरीज पंचेचाळीस, नवाने जाते, नंबर खरा. मग बाईंनी फळ्यावर शिकवावं तशा जोड्या मांडल्या, बाकीचे चार हूक मांडले, छत्तीस कुठून आले ते सांगितलं आणि भंगाराची वही उघडून ठेवली.

अधिकाऱ्यांनी रुमाल खिशात ठेवला.

मॅनेजर आधी सावरला. वहीत सही करताना आपण हूक समोर तोडला गेला असंच समजलो होतो, तो म्हणाला. नंतर कुणी तो बाहेर काढला असेल तर ज्याला नंबरातलं कळतं त्यानेच. आणि त्याने स्टोअरकीपरकडे बघितलं.

म्हाताऱ्याने वही आपल्याकडे ओढली.

बाईंचा आवाज इतका खाली गेला की अधिकाऱ्यांना पुढे वाकावं लागलं. "तपासनीस साहेबांना फक्त वर्ष कळतं. त्यांनी केलं असतं तर नुसता 1 चा 7 केला असता. दुसऱ्या आकड्याला हात लावायचं त्यांना काय कारण? स्टोअरकीपरना जोड्या माहीत आहेत. त्यांना सगळ्यात सोपं होतं. वर्ष सतरा करायचं आणि शेवटच्या 01 चे 94 करायचे. शून्याला शेपूट जोडलं की नऊ, एकाला दोन रेघा दिल्या की चार. बेरीज एकशे अठ्ठ्याण्णव. तसं केलं असतं तर मी जन्मभर बेरजा करत बसले असते आणि मला काही सापडलं नसतं."

त्यांनी मॅनेजरकडे बघितलं. "हे काम अशा माणसाचं आहे ज्याला नऊ माहीत आहे आणि जोड्या माहीत नाहीत. पंचवीस वर्षांपूर्वी स्टोअर सोडलेल्या माणसाचं."

अधिकाऱ्यांनी फडकं सोडलं. भिंग मागवलं. 0449 मधले दोन चौके शेजारीशेजारी होते, आणि एका आईचे वाटत नव्हते ते. एकाचं डोकं मिटलेलं, दुसऱ्याचं उघडं. सतरातला सात तर काठीसारखा ताठ उभा होता. अधिकाऱ्यांनी भिंग भावजयीला दिलं. तिने बराच वेळ बघितलं आणि भिंग टेबलावर ठेवलं.

मग स्टोअरकीपरने खिशातून एक चिठ्ठी काढली. रजेवरून आल्यावर स्टोअरमधल्या खिळ्याला अडकवलेली सापडली होती, म्हणाला, जपून ठेवली. 'हा हूक सरळ क्रेनवर चढवावा.' खाली मॅनेजरची आद्याक्षरं.

मॅनेजरचा नीटनेटकेपणा एकदम गळाला. नवीन हूक यायला सहा आठवडे लागणार होते, तो सांगू लागला. जहाज धक्क्याला उभं होतं. वरून दिवसातून चारदा फोन येत होता. तडा केसाएवढा होता, दहा टनांच्या हुकाला सहा टन काय होणार असं वाटलं. पुढे हूक आला की बदलणारच होता.

"आणि दोन झाकणं?" बाईंनी विचारलं. "ती कोणी बांधली?"

मॅनेजरने टेबलावरचा एक कागद सरळ केला.

"बोला. त्याच्या बायकोसमोर बोला."

"झाकण एकच होतं," मॅनेजर म्हणाला. "नीट बांधलेलं होतं."

भावजयीने पदर तोंडाला लावला. अधिकाऱ्यांनी अहवालातली पहिली ओळ आडवी खोडली. मॅनेजर पुन्हा पुन्हा एवढंच म्हणत होता की हे एकदाच केलं, फक्त एकदाच.

६

बाईंनी त्या 'एकदाच'वर विश्वास ठेवला नाही. त्या यादीत एकाच शेडमधले हूक होते. आणखी दोन शेड होत्या, तिथे तेवीस हूक टांगलेले होते, आणि चौकशी चालू असतानाही क्रेन फिरल्याचा आवाज खिडकीतून येत होता. त्यांनी अधिकाऱ्यांना सांगितलं, सगळे खाली घ्या. अधिकारी म्हणाले, उद्या रीतसर हुकूम काढतो. बाई म्हणाल्या की उद्यापर्यंत त्यांच्याखाली माणसं उभी असतील. अधिकाऱ्यांनी एक शिंक दिली आणि उठले.

एकेक हूक खाली आला. कामगार चिंध्यांनी वंगण पुसत आणि दोन-दोन आकडे मोठ्याने वाचत. स्टोअरकीपर लिहून घेई. बाई खडूने जमिनीवर बेरीज मांडत. नव्व्याण्णव. एकशे अठ्ठ्याण्णव. दोनशे सत्त्याण्णव. पहिल्या शेडमध्ये नवव्या हुकाला बेरीज चुकली. त्यांनी त्याच्याभोवती खडूने गोल काढला आणि पुढे गेल्या. दुसऱ्या शेडमध्ये आणखी एक निघाला.

विसावा हूक एका दांडग्या, पिकल्या मिशांच्या माणसाने स्वतः पुसला. सकाळपासून तो याच हुकाखाली काम करत होता. त्याने जोड्या वाचल्या, सावकाश. बाईंनी बेरीज केली. एकशे चव्वेचाळीस.

तो त्या आकड्यापाशी उकिडवा बसला.

"बाई, बेरीज नीट केलीत ना?"

"परत करते," बाई म्हणाल्या. त्यांनी आकडे पायाने पुसले, पुन्हा मांडले आणि या वेळी प्रत्येक जोडी मोठ्याने म्हणत बेरीज केली. इतक्या मोठ्याने त्या कधी वर्गातही बोलल्या नव्हत्या. शेवटी आवाज फाटला. बेरीज तीच आली.

त्या माणसाने हातमोजे काढले आणि हुकाशेजारी जमिनीवर ठेवले. मग त्याच्या मागच्याने काढले. संध्याकाळचा भोंगा व्हायला अजून तीन तास होते, पण दोन्ही शेडमधून माणसं एकामागून एक बाहेर पडू लागली, आणि बाई खडू मुठीत धरून उरलेल्या तीन हुकांकडे वळल्या.